फायनलचं तिकीट शेवटी कसं मिळालं (माझा अनुभव)

2022 ला दोह्यात नोकरीला होतो, फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल इथेच, दोह्याजवळच्या लुसैल स्टेडियमला, आणि आपण टीव्हीवर बघायची म्हणजे काय! कतारमध्ये राहणाऱ्यांसाठीची कॅटेगरी 4, म्हणजे सगळ्यात स्वस्त सीट, फक्त 750 रियाल होती, ती ड्रॉमध्ये लागली नाही, मग अधिकृत रीसेलच्या पेजवर रोज तासन्‌तास बसायचो, सीट दिसायची, क्लिक केलं की गायब. ऑफिसातला एकजण म्हणे ब्लॅकने घे, पण तिकीट मोबाईल ॲपमध्ये यायचं, स्क्रीनशॉट विकणाऱ्याला पैसे देणं म्हणजे पाण्यात घालणं.

एकदा सीट कार्टमध्ये आली तर कार्डच डिक्लाइन! बघतो तर ऑनलाइन लिमिट मीच कमी ठेवलेली. ती वाढवून घेतली, हय्या कार्ड (स्टेडियममध्ये जायला तिकिटासोबत लागणारा पास) तयार होतंच, आणि मुख्य म्हणजे दोघांना शेजारी सीट हवी हा हट्ट सोडला, एकेक शोधायला लागलो. सेमीफायनल हरलेल्या टीमचे लोक तिकिटं परत टाकणार असा अंदाज होता, म्हणून 14 डिसेंबरला फ्रान्स-मोरोक्को संपल्यासंपल्या रिफ्रेश मारत बसलो ते पहाटेपर्यंत. कॅटेगरी 3 मिळाली, एकच. महाग पडली, पण 3-3 आणि मग पेनल्टी, मेस्सी डोळ्यासमोर... बायकोने मात्र अजून माफ केलेलं नाही.