गोल्फ कोर्सवर कुणाचा सल्ला घ्यायचा, कुणाचा सोडायचा

स्पर्धेच्या राउंडमध्ये सोबतच्या खेळाडूला सल्ला दिला तर दंड होतो, हे बऱ्याच हौशी मंडळींच्या गावीही नसतं. गोल्फचा नियम 10.2 सरळ सांगतो: आपला कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) आणि जोडीदार (आपल्याच बाजूनं खेळणारा) सोडून कुणाला सल्ला विचारायचा नाही, आणि स्पर्धेतल्या दुसऱ्या कुणाला द्यायचाही नाही. एकूण फटके मोजतात त्या स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोकचा दंड बसतो, एकेक होल जिंकत खेळतात त्या मॅच प्लेमध्ये होलच जातो. टीवर, म्हणजे होल सुरू होतो तिथं, "कितीनं मारलास?" (कोणत्या क्लबनं) एवढं विचारलंत तरी लागू. समोरच्याच्या बॅगेकडे नुसतं बघून त्यानं कोणता क्लब काढलाय ते ओळखता येतं, पण वर टाकलेला टॉवेल सारून बघायचं नाही. इतकं बारीक लिहून ठेवलंय, आणि शनिवारी सकाळी बघावं तर चौघांतले तिघे गुरुजी. चौथी बाई असेल तर मग विचारूच नका.

मी पुण्यात खेळते, पेशानं फिजिओथेरपिस्ट आहे, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) विशीच्या आसपास रेंगाळतो. "मॅडम, एक सांगू का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची एक पद्धतच बसवली आहे. नव्यानं खेळू लागलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांच्या हिशेबानं आहे, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.

माहिती विचारा, मत नंतर

झेंडा ग्रीनच्या (कपाभोवतालच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पुढच्या भागात आहे की मागच्या, बंकर (वाळूचा खड्डा) किती यार्डांवर आहे, लाल खुंट्यांच्या आत, म्हणजे दंडाच्या जागेत, गेलेल्या बॉलचे पर्याय काय, ही माहिती झाली. ती स्पर्धेतही कुणालाही विचारता येते. "सात नंबरचा क्लब पुरेल का?" किंवा "माझं काय चुकतंय?" हे मत. मैत्रीच्या राउंडमध्ये दंड लावायला कुणी बसलेलं नसतं, तरी मी तिथंही हीच रेषा पाळते. कारण साधं आहे. स्विंग उरकतो दीडेक सेकंदात. तेवढ्यात डोक्यात एकच गोष्ट मावते, तीही कशीबशी. चौथ्या होलवर "खांदा वळव", सहाव्यावर "ग्रिप (पकड) सैल", आठव्यावर "वजन पुढे" असं ऐकत गेलात, तर नवव्यावर तुम्ही बॉल मारत नसता, यादी आठवत असता.

कॅडीची गोष्ट वेगळी. तो त्याच ग्रीनवर रोज उभा असतो. फक्त त्याला प्रश्न नीट विचारायला हवा. "काय मारू?" म्हटलं की तो एक क्लब हातात देतो आणि चुकलं तर दोघंही गप्प. त्यापेक्षा "झेंड्याच्या मागे किती जागा आहे?" किंवा "कुठल्या बाजूला चुकलेलं परवडेल?" असं विचारा. पहिल्या टीवरच सांगून टाका: "दादा, लाइन आणि यार्ड तेवढं सांगा, स्विंगचं राहू द्या." कॅडीला वाईट वाटत नाही, उलट त्याचं काम हलकं होतं. आणि स्पर्धेत एक लक्षात ठेवा. तुम्ही स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय रोवून उभं राहायला, लागलात की त्यानं मुद्दाम मागे रेषेत उभं राहून निशाणा लावून द्यायचा नाही. 2019 पासून त्याला मनाई आहे, आणि दंड तुम्हाला बसतो.

"डोकं वर केलंत!"

गोल्फमधला हा सगळ्यात लोकप्रिय सल्ला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारा. बॉल टॉप झाला, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्याला घासून गेला आणि बॉल गवतातून सरपटत गेला, की मागून आवाज येतोच. सांगणाऱ्यानं डोकं वर झालेलं बघितलेलंही असतं. पण ते बहुतेक वेळा नंतरचं असतं.

खरं काय होतं ते बघा. आपल्याला वाटतं, बॉल उडवायचा तर त्याला खालून उचलायला हवा. मग वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं पुढे सुटतात आणि क्लबच्या फेरीचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे येतो. तिथं जमीन लागली तर फटका मातीत बसतो. नाही लागली तर क्लब वर येता येता बॉलच्या वरच्या अर्ध्याला लागतो. आता अशा माणसाला "डोकं खाली दाब" सांगितलं, तर तो हनुवटी छातीत रुतवतो, त्यामुळे धड वळायचं थांबतं, वजन आणखी मागे राहतं आणि पुढचाही बॉल टॉप. अनिका सोरेनस्टाम आणि डेव्हिड डुव्हल, दोघांचंही डोकं बॉल लागण्याच्या क्षणीच लक्ष्याकडे वळू लागलेलं असायचं. दोघंही जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होते.

तपासायचं असेल तर सरावाच्या बंकरमध्ये जा. वाळूत क्लबच्या टोकानं एक रेघ ओढा, दोन्ही पायांच्या बरोबर मध्ये येईल अशी. बॉल ठेवू नका. आठ नंबरनं अर्धा स्विंग करा आणि वाळू कुठं उडाली ते बघा. खड्डा रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडला पाहिजे. मागे पडत असेल तर डोक्याला दोष देऊ नका. स्विंग संपताना पट्ट्याचं बक्कल लक्ष्याकडे आणि उजव्या पायाची टाच जमिनीवरून उचललेली, एवढंच बघा आणि रेघ पुन्हा ओढा. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबला, हे लागू नाही. तिथं बॉल टीच्या खुंटीवर उंच असतो आणि डाव्या टाचेच्या रेषेत असतो, त्यामुळे क्लब किंचित वर चढताना लागलेला चालतो.

स्लाइसवाल्याला "डावीकडे बघून मार" सांगणारे

स्लाइस म्हणजे हवेत उजवीकडे वळत जाणारा फटका. बॉल उजवीकडे वळतोय म्हणून माणूस डावीकडे तोंड करतो. मग क्लब आणखी डावीकडे ओढला जातो आणि बॉल आणखी उजवीकडे वळतो. काही महिन्यांत तो गृहस्थ शेजारच्या होलच्या फेअरवेकडे (मधल्या कापलेल्या गवताकडे) तोंड करून उभा असतो.

जुन्या पुस्तकांत असायचं की बॉल क्लबच्या वाटेनं निघतो आणि फेसच्या, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या सपाट भागाच्या, दिशेला वळतो. रडारवर चालणारी यंत्रं आल्यावर ते उलटं निघालं. बॉल सुरुवातीला निघतो तो मुख्यतः फेस जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे. म्हणून "स्लाइस होतोय" एवढ्यावर कुणाला उपाय सांगू देऊ नका. आधी स्वतः बघा: बॉल निघाला कुठं? डावीकडे निघून उजवीकडे वळला तर वाट बाहेरून आत, म्हणजे तुमच्या अंगाकडे, येतेय. उजवीकडेच निघून आणखी उजवीकडे गेला तर फेस फार उघडा (उजवीकडे वळलेला) आहे, ग्रिप बघा. वरून पाहताना डाव्या हाताच्या मुठीची दोन-तीन हाडं दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर हात उजवीकडे थोडा फिरवा.

त्याही आधी एक स्वस्त तपासणी. पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर घ्या आणि बॉलच्या मागच्या बाजूला रुपयाएवढा ठिपका भरा. शाई ओली असतानाच ड्रायव्हर मारा, फेसवर डाग उमटतो, बोटानं पुसता येतो. डाग शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, हीलवर येत असेल, तर चांगल्या वाटेनं आलेला ड्रायव्हरसुद्धा बॉलला उजवीकडे वळवतो. अशा माणसाला ग्रिप, खांदे, कंबर सगळं बदलायला लावलेलं मी पाहिलंय, आणि त्याला गरज होती बॉलपासून बोटभर मागे उभं राहायची.

डावा हात ताठ

इथं माझा पेशा आडवा येतो. पन्नाशीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला "हात ताठ, खांदा पूर्ण वळव" सांगणं म्हणजे कमरेला कामाला लावणं. खुर्चीत ताठ बसा, गुडघे जुळवा, क्लब छातीवर आडवा धरून दोन्ही बाजूंना वळून बघा. 45 अंश, म्हणजे सरळ आणि काटकोन यांच्या बरोबर मध्यापर्यंत जाता आलं पाहिजे. जाता येत नसेल तर बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) आखूड करा, कोपर थोडं वाकू द्या आणि डावी टाच खुशाल उचला. दिग्गज खेळाडू जॅक निक्लॉस टाच उचलूनच मारायचे.

रेंजवर

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानात, एका दिवशी एकच सल्ला. दहा बॉल नेहमीसारखे, दहा नव्या पद्धतीनं, मग पुन्हा नेहमीसारखे. क्लब तोच, लक्ष्य तेच. फरक दिसला नाही तर तो सल्ला सोडून द्या, सांगणाऱ्याचा हँडिकॅप 4 असला तरी. चांगला खेळणारा स्वतःला जे जाणवतं ते सांगतो, आणि ते तुमच्या शरीरात तसंच घडेल असं काही नसतं. मॅटवर मारत असाल तर आणखी एक काळजी. क्लब बॉलच्या मागे पडला तरी मॅटवरून घसरत पुढे येतो आणि फटका बरा जातो. तोच फटका गवतावर मातीत बसतो. म्हणून मॅटवर दिशा तपासा, बॉल किती स्वच्छ लागतो ते गवतावर किंवा वाळूत.

पट

पट म्हणजे ग्रीनवर पटर या क्लबनं कपाकडे घरंगळवलेला फटका. "कपापर्यंत पोचलाच नाही तर पडणार कसा?" लांबच्या पटला हे ऐकून जोर लावलात तर तीनदा पट मारावा लागणार हे ठरलेलं. आठ फुटांवरून चुकलात की सगळे हळहळतात. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेतले खेळाडूही तेवढ्या अंतरावरून साधारण निम्मेच घालतात. तेव्हा दहा पावलांवरून पट घालायचं डोक्यातून काढा, बॉल कपापासून पटरच्या लांबीच्या आत थांबवायचा एवढंच बघा. राउंडच्या आधी दहा मिनिटं मिळाली तर ती याच सरावाला द्या, ड्रायव्हरला नको.

लाइनसाठी कॅडीचं ऐका. "उजवीकडून एक कप" म्हणाला, म्हणजे कपाच्या रुंदीएवढा उजवीकडे निशाणा धरा, तर कप 108 मिलिमीटरचा असतो, म्हणजे चार बोटांहून थोडा जास्त. पण वेग तुमचा तुम्हीच ठरवा, कारण त्यानं सांगितलेली लाइन एका ठराविक वेगासाठीच खरी असते. आपल्याकडे बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं, आपल्या हरळीच्याच कुळातलं. त्याची पाती एका बाजूला झुकतात. बॉलमागून बघताना गवत चकाकत असेल तर पाती तुमच्यापासून लांब झुकलेली आहेत आणि बॉल पळेल. मळकट गडद दिसत असेल तर अडेल.

जून ते सप्टेंबर

उन्हाळ्यातला कुठलाही सल्ला पावसाळ्यात जसाच्या तसा चालत नाही. बॉल पडतो तिथंच बसतो, त्यामुळे "माझा सात नंबर दीडशे जातो" म्हणणाऱ्याचे घरंगळण्याचे यार्ड वजा करा आणि एक नंबर लांब जाणारा क्लब घ्या. ग्रीनच्या कडेला ओल्या गवतात सँड वेजची (वाळूतून मारायच्या क्लबची) धार रुतते. आठ नंबरनं पटसारखा ढकला, दिसायला गावठी पण बॉल ग्रीनवर जातो.

नियमांची माहिती मात्र याच दिवसांत कामाला येते. पावसानं तात्पुरत्या साचलेल्या पाण्यातून बाहेर यायला दंड नाही. फेअरवेत किंवा रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) बॉल स्वतःच्याच खड्ड्यात रुतला तर तोही फुकट काढता येतो, वाळूतून मात्र नाही. दोन्हीकडे बॉल गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. उचलून, पुसून, पुन्हा ठेवायची मुभा फक्त गोल्फ क्लबनं (संस्थेनं) त्या दिवसापुरता तसा स्थानिक नियम लावला असेल तरच. "पावसाळ्यात चालतं" हे कुणाचं तोंडी आश्वासन धरू नका.

सामानाबद्दलच्या मतांवर फार वेळ घालवत नाही. नवा ड्रायव्हर घ्यायला सांगणारा बहुधा स्वतःचा जुना विकायच्या बेतात असतो. "लेडीज क्लब" म्हणून मऊ शाफ्टचेच हवेत असंही नाही, स्विंगचा वेग मोजून घ्या आणि मग ठरवा. नव्या क्लबांच्या पैशात प्रोकडे (व्यावसायिक प्रशिक्षकाकडे) चार तास शिकता येतं, आणि ते आधी करा.

थांबवायचं कसं, आणि आपण काय सांगायचं

भांडू नका. "सर, आज माझ्या प्रोनं एकच गोष्ट करायला सांगितलीये, ती झाली की तुमचं करून बघते." प्रोचं नाव काढलं की लोक थांबतात. वयानं मोठे असतील तर राउंडनंतर चहाला बसून त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. खेळून झाल्यावर ऐकलेल्या सल्ल्यात पुष्कळदा काहीतरी कामाचं सापडतं.

आपण स्वतः, कुणी विचारल्याशिवाय, स्विंगबद्दल अवाक्षर काढायचं नाही. त्याऐवजी सोबतच्याचा बॉल पडेपर्यंत बघत राहा. नुसतं "उजवीकडे गेला" उपयोगाचं नाही. बॉल जिथं दिसेनासा झाला तिथलं एखादं झाड किंवा खुंटी धरून ठेवा आणि चालताना नजर त्यावरून हलवू नका. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, 2019 आधी पाच होती. सापडेल की नाही शंका असेल तर त्याला आठवण करा की पुढे जाण्याआधी "प्रोव्हिजनल" (तात्पुरता बॉल) असं मोठ्यानं म्हणून दुसरा बॉल मारायचा. नुसतं "अजून एक मारतो" म्हणून मारला तर तोच बॉल खेळात येतो, आणि पहिला नंतर झुडपाच्या कडेला स्वच्छ पडलेला दिसला तरी खिशात टाकावा लागतो.