सर्व्हर गेला, इतिहास वाचला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी आम्ही तिघं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. पूर्वी सगळा कोड सबव्हर्जनवर होता, म्हणजे बदलांचा इतिहास एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या प्रणालीवर. खानापुरात पावसाळ्यात करंट गेला, नेट गेलं की माझं कमिट (बदलाची नोंद) अडलंच. जुना बदल बघायलासुद्धा सर्व्हर लागायचा. म्हणून गिटवर आलो; तेही बदलांचा इतिहास ठेवतं, पण प्रत्येकाच्या मशीनवर. 'गिट एसव्हीएन क्लोन' या कमांडनं सबव्हर्जनमधला मागचा इतिहासही सोबत आणला.

गेल्या आषाढात सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप दीड महिन्यापूर्वीचा. पोटात गोळाच आला. सबव्हर्जन असतं तर प्रत्येकाकडे शेवटची चेकआउट केलेली (सर्व्हरवरून उतरवलेली) प्रत तेवढी उरली असती. गिटमध्ये क्लोन म्हणजे अख्ख्या इतिहासाची प्रत, आणि निपाणीच्या सहकाऱ्यानं आदल्याच संध्याकाळी फेच केलं होतं, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल उतरवून घेतले होते. त्याच्या लॅपटॉपवर आधी 'गिट एफएससीके' चालवलं. गिटनं साठवलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, ताडून बघतं ते. एकही चूक निघाली नाही. मग नव्या मशीनवर बेअर रिपॉझिटरी (कामाच्या फायलींविना नुसता इतिहास ठेवणारी) केली, रिमोटचा (सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीचा) पत्ता बदलला आणि पुश केलं, म्हणजे सगळं वर पाठवलं. दोन गोष्टी विसरू नका: ज्या ब्रँच (कोडच्या शाखा) फक्त रिमोटच्या नावानं दिसतात त्या आधी लोकल करून घ्या, आणि टॅग (ठरावीक कमिटला दिलेली नावं) वेगळे पुश करा.

तासाभरात माझे खानापुरात ऑफलाइन केलेले चार कमिटही वर चढले.