अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात धर्माचा अभ्यास कसा करावा
सरकारी विद्यापीठात धर्माविषयी शिकवतात, धर्माची दीक्षा देत नाहीत. 1963च्या अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधलं प्रार्थनेसारखं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्माच्या वस्तुनिष्ठ अभ्यासाला मोकळीक ठेवली.

भाषा पहिल्याच वर्षी घ्या. संस्कृत किंवा अरबी तिसऱ्या वर्षी सुरू केली, तर शेवटच्या प्रबंधात मूळ मजकूर वाचता येत नाही आणि सगळी भिस्त भाषांतरावर राहते.

मार्क जातात ते निबंधात. ‘हे ईश्वरी सत्य’ किंवा ‘हे थोतांड’ यातलं काहीच लिहू नका. कोण, कधी, कुणाला उद्देशून म्हणतं ते लिहा. घरच्या परंपरेवर लिहिणारी मराठी मुलं नेमकी इथेच अडतात, कारण ऐकलेलं पुरावा न देता लिहून जातात. ज्ञानेश्वरीचा काळ सांगायचा तर ग्रंथाच्या अखेरीस येणारा शके 1212चा, म्हणजे 1290चा, उल्लेख दाखवा.

मंदिरात किंवा मशिदीत निरीक्षणाला जाण्याआधी परवानगी घ्या. मुलाखती घेणार असाल, तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागेल का, हे प्राध्यापकांना आधीच विचारा. टिपणं त्याच रात्री काढा: पान उभं दुभागून डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे तुम्ही लावलेला अर्थ.