दात घासायचा ब्रश: ठेवायचा कुठे, वाळवायचा कसा

गणपतीच्या आधीची साफसफाई चालली होती तेव्हा बेसिनवरचा ब्रशचा पेला मी उपडा केला. स्टीलचा पेला, रोज डोळ्यांसमोर असणारा, बाहेरून लख्ख. तळाशी मात्र अर्ध्या पेराएवढा राखाडी, बुळबुळीत गाळ. वाळलेली पेस्ट, ब्रशवरून ओघळलेलं पाणी आणि लाळ यांचं महिनोन्‌महिने मुरलेलं मिश्रण ते. घरातल्या चार ब्रशांचे दांडे दिवसभर त्यात उभे असायचे आणि सकाळी डोळे चोळत आम्ही तेच दांडे मुठीत धरायचो.

हे फक्त आमच्याच घरी होतं असं नाही. अमेरिकेतल्या एनएसएफ या संस्थेने २०११ साली घरगुती वस्तूंवरचे जंतू तपासले. त्यात भांडी घासायचा स्पंज पहिला, स्वयंपाकघरातलं सिंक दुसरं आणि ब्रशचं स्टँड तिसरं आलं. संडासाची सीट पहिल्या दहांतही नव्हती. आपण संडास घासतो, फरशी पुसतो, ब्रशचा पेला मात्र धुवायची वस्तू आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. ब्रश निर्जंतुक कधीच नसतो, अगदी नवा पाकिटातून काढला तरी नसतो. माणसाच्या तोंडात सापडणाऱ्या जिवाणूंच्या सातशेच्या आसपास जाती आहेत, त्यातले काही रोज ब्रशवर उतरणारच. ते आपलेच असतात, निरोगी माणसाला त्यांचा त्रास होत नाही. प्रश्न त्यांच्या वाढीचा आहे, आणि वाढायला त्यांना ओल लागते. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः वाळवण्याबद्दल आहे. जंतू मारण्याबद्दल फार थोडं.

(आजीच्या काळी ही कटकटच नव्हती. कडुनिंबाची नाहीतर बाभळीची काडी चावून तिचा कुंचला करायचा, दात घासायचे, काडी उभी चिरून जीभ खरवडायची आणि फेकून द्यायची. राखुंडीला तर बोट पुरायचं. पुढे ब्रश आले तेही डुकराच्या केसांचे, पाणी धरून ठेवणारे. नायलॉनच्या केसांचा ब्रश अमेरिकेत १९३८ साली बाजारात आला. नायलॉन पटकन वाळतं, फक्त आपण त्याला वाळू दिलं पाहिजे.)

घासून झाल्यावर

वाहत्या नळाखाली ब्रश धरा आणि अंगठ्याने केस मागे-पुढे वाकवत धुवा. नुसता पाण्याखाली फिरवला तर वरची पेस्ट जाते, केसांच्या मुळाशी अडकलेली तशीच राहते. सकाळी घाईत असाल तरी ब्रश एकदा उजेडात आडवा धरून बघा, बुडाशी पांढरी रेघ दिसली तर अजून धुवायला हवा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येत असेल, किंवा टँकरचं पाणी असेल, तर शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्याने करा. चूळही त्याच पाण्याने भरा.

मग मनगटाला चार-पाच जोरदार झटके. थर्मामीटर झटकतो तसे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, खरं तर केसांत अडकलेलं बरंचसं पाणी इथेच निघून जातं. झटकताना ब्रश बेसिनवर आपटू नका, आणि तो टॉवेलने पुसूही नका. टॉवेलवर काय काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

जागा कशी हवी

ब्रश उभा हवा, डोकं वर, म्हणजे पाणी केसांतून खाली उतरतं. आडवा ठेवला तर खालच्या बाजूचे केस ओलेच राहतात. दोन ब्रशांची डोकी एकमेकांना टेकता कामा नयेत. एका पेल्यात पाच ब्रश कोंबले की ती टेकतातच. हिरड्यांतून रक्त येणारी माणसं घरोघरी असतात आणि रक्तातून पसरणारा, यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. म्हणूनच दुसऱ्याचा ब्रश वापरू नये, अगदी नवरा-बायकोनेही. एकच ट्यूब सगळे वापरत असाल तर तिचं तोंड ब्रशवर घासून पेस्ट काढू नका, वरून सोडा.

जागा योग्य आहे की नाही ते तपासायची एक सोपी युक्ती आहे. सकाळी सातला ब्रश ठेवलात तर संध्याकाळी सातला त्याचे केस टिश्यू पेपरवर दाबा. ओला ठिपका उमटला तर जागा बदला. आमच्याकडे बेसिनवरच्या आरशाच्या कपाटात ठेवलेला ब्रश या परीक्षेत सपशेल नापास झाला. कपाटाचं दार बंद, आत हवा नाही. तोच ब्रश खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवला तर दुपारपर्यंत खडखडीत. खिडकीच्या बाहेर मात्र नको. तिथे धूळ असते आणि कावळेही असतात. साबणाच्या वड्या पळवणाऱ्याला ब्रश काय जड आहे!

फ्लशच्या तुषारांचं काय?

चाळीत संडास सामायिक आणि लांब, ब्रश घरातल्या मोरीच्या फळीवर. फ्लॅट आला, संडास-बाथरूम एकत्र झालं आणि ब्रश कमोडपासून दोन हातांवर येऊन बसला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली हिरव्या लेझरच्या उजेडात फ्लशचे तुषार चित्रित केले. झाकण नसलेल्या, सार्वजनिक संडासात असतो तसल्या कमोडमधून ते ८ सेकंदांत दीड मीटर उंच गेले. ते चित्रण पाहिलं की ब्रश उचलून हॉलमध्ये न्यावासा वाटतो.

पण थोडं थांबा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने लोकांचे वापरलेले ब्रश मागवून त्यांच्यावरचे जिवाणू तपासले, तेव्हा ते मुख्यतः तोंडातलेच निघाले, आतड्यातले नाहीत. त्यामुळे फार धसका घ्यायचं कारण नाही. तरी अंतर वाढवायला पैसे पडत नाहीत. कमोडला झाकण असेल तर ते लावून फ्लश करा. मोठे थेंब अडतात, बारीक तुषार फटीतून थोडे निसटतातच. भारतीय बैठकीला झाकण नसतंच, तिथे ब्रश बाथरूमच्या बाहेरच्या बेसिनवर हलवणं हा सरळ उपाय. बाहेर बेसिन नसेल तर बाथरूममध्येच, पण कमोडपासून शक्य तितका लांब आणि शक्यतो वरच्या फळीवर.

आणि झुरळांचं?

परदेशी दंतवैद्यांच्या सूचनांत हा प्रश्न येतच नाही. ‘ब्रश उघडा ठेवा’ एवढं म्हणून ते मोकळे होतात. आपल्याकडे रात्री दिवा लावला की बेसिनवरून झुरळ पळतं, आणि मुलांच्या गोड पेस्टला मुंग्या लागतात. म्हणून लोक ब्रशला प्लॅस्टिकची टोपी घालतात. ओल्या ब्रशला घट्ट टोपी म्हणजे आत दमट, कोंदट हवा. पावसाळ्यात तशी टोपी चार दिवसांनी काढून हुंगा, मग मला वेगळं सांगावं लागणार नाही.

यातून मधली वाट अशी. सकाळी घासून झाल्यावर ब्रश दिवसभर उघडाच राहू द्या. झुरळांचा वावर रात्रीचा, म्हणून रात्री टोपी घालायचीच असेल तर भोकं असलेली घ्या, आणि ब्रश नीट झटकून मगच घाला. त्याहून बरं म्हणजे भिंतीवर अडकवायचं स्टँड, कट्ट्यापासून आणि पाइपांपासून दूर. रात्री बेसिन कोरडं करून जाळीवर झाकण ठेवलं तरी वर्दळ बरीच कमी होते. ब्रशवर झुरळ फिरताना प्रत्यक्ष दिसलं तर मात्र हिशोब करत बसू नका, ब्रश टाका.

श्रीखंडाच्या डब्याचं स्टँड

बाजारात स्टँड भरपूर मिळतात, पण बहुतेकांच्या तळाला पाणी जायला भोक नसतं, म्हणजे पुन्हा गाळ. आम्ही सध्या अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा वापरतो.

झाकणाला माणशी एक भोक पाडा, ब्रशचा दांडा जाईल एवढंच. भोकं कडेला, एकमेकांपासून जितकी लांब जातील तितकी. दोन ब्रशांत दोन बोटं तरी अंतर राहिलं पाहिजे, म्हणून एका डब्यात चारापेक्षा जास्त नकोत. तळाला बारीक सहा-सात भोकं पाडा. तापवलेल्या सळईने भोकं स्वच्छ पडतात. खिडकी उघडी ठेवा, वितळत्या प्लॅस्टिकचा वास डोक्यात जातो, आणि पोरांना लांब बसवा. डबा साबणाच्या जाळीवर ठेवा, म्हणजे खालून पाणी निथळेल. झाकणावर कुणाचं भोक कुठलं ते मार्करने लिहा. आमच्याकडे दोन ब्रश एकाच निळ्या रंगाचे आले आणि आठवडाभर कोण कुणाचा वापरत होतं ते आजतागायत कळलेलं नाही.

दर रविवारी झाकण काढून डबा भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने घासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार चढला असेल तर व्हिनेगर किंवा पिळलेल्या लिंबाची साल दहा मिनिटं चोळून ठेवा. पेला वापरत असाल तर हाच नेम पेल्याला लावा.

आषाढ-श्रावणात

कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलैमध्ये कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तिथे ब्रश कुठून वाळणार? यावर सोपा उपाय म्हणजे दोन ब्रश. एक सकाळचा, एक रात्रीचा. प्रत्येकाला वाळायला चोवीस तास मिळतात. खर्च दुप्पट होत नाही, कारण प्रत्येकाची झीज निम्मीच होते. दाट, मऊ केसांचा ब्रश सर्वांत उशिरा वाळतो, दोन ब्रशांची गरज त्यालाच जास्त.

उकळणं, बुडवणं, निळा दिवा

उकळत्या पाण्यात ब्रश टाकू नका, केस वाकडे होतात आणि मग तो हिरड्यांना बोचतो. मायक्रोवेव्हमध्येही नको. डेटॉल, फिनेल असलं काही तोंडात जाणाऱ्या वस्तूला लावू नका. अल्ट्राव्हायोलेट दिव्याच्या डब्या हजार-दोन हजाराला मिळतात, पण त्या वापरून कुणाचं आजारपण टळतं असा पुरावा नाही, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनही त्या घ्याच असं म्हणत नाही. मन मानत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये किंवा जंतुनाशक माउथवॉशमध्ये ब्रशचं डोकं काही मिनिटं बुडवा आणि नंतर खळखळून धुवा. प्रत्येकाचा पेला आणि द्रावण वेगळं, वापरलेलं ओतून द्यायचं. सगळ्या घराचे ब्रश एकाच द्रावणात बुडवले तर एकाचे जंतू दुसऱ्याला पोचायची सोय होते.

केमोथेरपी चालू असलेलं, किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेलं माणूस घरात असेल तर हा लेख पुरेसा नाही. तिथे डॉक्टर सांगतील तेच करा. साधा सर्दी-ताप असेल तर आजाऱ्याचा ब्रश वेगळ्या पेल्यात ठेवायचा, इतरांपासून लांब. एवढं बस्स.

प्रवासात टोपी किंवा डबी चालते, पण फक्त प्रवासापुरती. मुक्कामी पोचल्यावर आधी ब्रश बाहेर काढून उभा करा, चहा नंतर.

बदलायचा केव्हा

तीन ते चार महिन्यांनी, आणि केस फाकले तर त्याआधी. तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही सणांना बांधून घेतलंय: पाडवा, आषाढी एकादशी, दसरा, संक्रांत. साधारण दोन ते साडेतीन महिन्यांचं अंतर आपोआप पडतं. फक्त २०२६ सारख्या वर्षी, मध्ये अधिक ज्येष्ठ आला की, पाडवा ते आषाढी चार महिन्यांच्या पुढे जातं. तेवढ्या वर्षी जूनमध्येच बदलून टाका. इलेक्ट्रिक ब्रश असेल तर डोक्याला हाच नेम. शिवाय डोकं रोज काढून दांड्याच्या खाचेतलं पाणी पुसा, नाहीतर तिथे काळा चिकटा धरतो.

जुना ब्रश मराठी घरात कुणी टाकत नाही, आणि टाकूही नये. मिक्सरच्या भांड्याचं बूड, समईच्या नक्षीतलं काजळ, नळाची तोटी, कंगवा, सगळं त्याच्यावाचून अडतं. पण त्याच्यावर खूण हवी. आमच्याकडे मुक्कामाला आलेले एक काका स्वतःचा ब्रश विसरले होते. कुणाला त्रास नको म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतला ‘जादाचा’ ब्रश घेऊन दात घासले आणि चहा पिताना सांगितलं, ‘‘तुमच्याकडची पेस्ट जरा वेगळीच लागते.’’ त्या ब्रशने आदल्या दिवशी पितांबरीने देवाची भांडी घासली होती. तेव्हापासून निवृत्त होणाऱ्या ब्रशचा दांडा आम्ही आधी अर्धा कापतो, मगच त्याला खिडकीत जागा देतो.