पहिली-दुसरीच्या वर्गात गणिताचे कोपरे कसे चालवावेत

गणिताचा कोपरा म्हणजे वर्गात गोणपाट टाकून मांडलेला एक खेळ, जो मुलांचा एक गट आपापला खेळतो. त्याच्या साहित्यासाठी बाजारात जाऊ नये. चिंचोके, तुऱ्हाटीच्या बोटभर लांबीच्या काड्या, रबर बँड, फासे आणि बसायला गोणपाटे, एवढ्यावर वर्ष निघते. चार-चार मुलांचे गट करावेत, मात्र हुशार एकीकडे आणि कच्चे दुसरीकडे अशी वाटणी करू नये.

आरंभाला दोन खेळ पुरेत. पहिल्यात चिंचोके फोडून त्यांची पाच शकले घ्यावीत, ती ओंजळीत खुळखुळवून टाकावीत आणि पांढरी किती, काळी किती ते सांगावे. काही दिवसांनी एखादे मूल पांढरी तीन मोजते आणि काळ्यांकडे न पाहताच ‘दोन’ म्हणते. त्या मुलाला पुढे दहा शकले द्यावीत. दुसरा खेळ गठ्ठ्यांचा. दोन फाशांवर पडेल तितक्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावायचे आणि पाच गठ्ठे ज्याचे आधी होतील तो जिंकला.

खरी अडचण यापुढे आहे. शिक्षक एका गटाजवळ बसलेला असताना बाकीचे कोपरे आपले आपण चालले पाहिजेत, आणि मला हे साधायला दोन वर्षे लागली. दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून गट फिरवावेत, हा प्रशिक्षणात हमखास मिळणारा सल्ला मी प्रामाणिकपणे पाळला आणि एका सोमवारी चारही कोपरे एकदम उघडले. पहिल्या घंटेला अर्ध्या काड्या गोणपाटाखाली गेल्या, दोन रबरे मुलांच्या मनगटावर चढली आणि ‘मॅडम, हा रडी खातोय’ अशा तक्रारी घेऊन निम्मा वर्ग माझ्याभोवती जमला. मुलांना गणित येत नव्हते असे नाही. त्यांना खेळ चालवता येत नव्हता, आणि तो मी शिकवलाच नव्हता.

तेव्हापासून नवा खेळ मी थेट कोपऱ्यात ठेवत नाही. आठवडाभर तो वर्गाच्या मध्यभागी, सगळ्यांच्या देखत, चार मुलांकडून खेळवून घेते आणि त्यांच्यात बसून मुद्दाम चुकीचे खेळते: आपली पाळी नसताना फासा उचलते, अकरा काड्यांचा गठ्ठा बांधते. मुले ओरडून चूक दाखवतात, आणि त्यातूनच नियम त्यांचे होतात. तीन गोष्टी आधी ठरलेल्या असाव्यात: सुरुवात कोणी करायची, फासा गोणपाटाबाहेर पडला तर काय (आमच्याकडे पाळी जाते), आणि डाव संपल्यावर काय करायचे. तिसरी गोष्ट ठरवायची राहिली तर रिकामे झालेले चौघे शेजारचा कोपरा मोडतात, हे मी अनुभवाने सांगते. मी हात पाठीमागे धरून बसले असताना पूर्ण डाव तंट्याविना पार पडला, की मगच तो खेळ कोपऱ्यात जातो.

घंटेने गट फिरवणे मी बंद केले. एका तासाला एका गटाचा एकच कोपरा. बदल दुसऱ्या दिवशी. एकाच तासात सगळे खेळ झालेच पाहिजेत, हा हट्ट मला आजही समजलेला नाही.

स्वतः गठ्ठ्यांच्या कोपऱ्याजवळ बसावे, कारण चुका तिथे उघड्या पडतात. ‘पंचवीस’ ऐकून मूल पाटीवर ५२ लिहिते, कारण मराठीत आधी पाच ऐकू येतो आणि मग वीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असेही संख्यावाचन आले तेव्हा मोठा गदारोळ झाला. माझे मत विचाराल तर दोन्ही म्हणवून घ्यावे, पण हातात गठ्ठे देऊन. दोन गठ्ठे, पाच सुट्या, वीस आणि पाच, पंचवीस, असे म्हणत लिहिले की आकड्यांची अदलाबदल कमी होते. एकोणतीस, एकोणचाळीस मात्र शेवटी घ्यावेत, कारण तिथे ऐकू येणारे नाव पुढच्या दशकाचे असते.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले निघून गेली की आमच्या भागात गट मोडतात. तेव्हा उरलेल्यांचे नवे गट करावेत, पण खेळ जुनेच ठेवावेत. ती मुले परत येतात तेव्हा त्यांना वेगळे बसवून मागचे शिकवत बसू नये. गठ्ठ्यांच्या गोणपाटावर पाचवी जागा करून द्यावी आणि नियम सांगण्याचे काम गटातल्या मुलांवर सोपवावे.