इन्सुलिनवर असताना शुगर आटोक्यात कशी ठेवायची

इन्सुलिनवर असलेल्या माणसाची शुगर चढली की घरात पहिला प्रश्न येतो, गोड काय खाल्लंस. पण कितीतरी वेळा खाण्यात काहीच चुकलेलं नसतं, चुकलेली असते ती इंजेक्शनची वेळ, नाहीतर जागा, नाहीतर सिरिंज. म्हणून इथे पथ्याची यादी देत नाही, टाइप १ डायबेटिसवाल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) आणि इन्सुलिनवर असलेल्या टाइप २ वाल्यांनी रोज काय कसं करायचं ते क्रमाने सांगतो. किती युनिट घ्यायचं हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवणार, दुसऱ्या कुणाचं बघून डोस बदलायचा नाही.

सगळ्यात आधी आपलं इन्सुलिन नीट वाचा. आपल्याकडच्या बाटल्या बहुतेक ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याला लाल टोपीची सिरिंज लागते. पेनमधलं इन्सुलिन १०० चं असतं, १०० ची बाटली असेल तर सिरिंज केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल सिरिंजने ओढून घेतलं तर डोस अडीचपट जातो आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे मेडिकलवाल्याने जे दिलं ते तिथेच उभं राहून तपासा.

मग वेळ. ग्लार्जिन, डेग्लुडेक ही दिवसभर चालणारी इन्सुलिनं, रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, जेवा किंवा नका जेवू. जेवणाचं इन्सुलिन वेगळं, त्यात साधं रेग्युलर असेल तर जेवणाआधी अर्धा तास आणि अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो असेल तर १० ते १५ मिनिटं आधी. आता रविवारी रात्री पुण्यात कुठल्याही बऱ्या हॉटेलबाहेर नंबर लावून पाऊण तास बसावं लागतं हे आपल्याला माहीत आहे, तर घरून इंजेक्शन घेऊन निघू नका, टेबल मिळून ऑर्डर गेली की मगच घ्या. आणि जेवणानंतर शुगर जास्त दिसली म्हणून घाबरून तासाभरात परत टोचायचं नाही, आधीचं इन्सुलिन तीन-चार तास काम करत असतं, दोन्ही एकावर एक चढले की शुगर धाडकन खाली येते.

टोचायची जागा रोज बदला, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं आणि फार कमी लोक करतात. एकाच जागी टोचून टोचून तिथे चरबीची गाठ होते, तिथे दुखत नाही म्हणून माणूस परत तिथेच टोचतो, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही, मग आज ९० आणि उद्या २९० असं चालू होतं. पोटावर हात फिरवून बघा, टणक किंवा फुगीर लागलं तर ती जागा काही महिने सोडून द्या, पण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून डोस कमी करूनच बदला. बेंबीपासून दोन बोटं लांब टोचा, सुई दरवेळी नवी, आणि पेन असेल तर ४ मिमीची सुई, आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे आणि टोचल्यावर बटण दाबून धरून १० आकडे मोजायचे. दुधाळ दिसणारं मिक्स इन्सुलिन असेल तर आधी तळहातांत हळू घोळवून घ्या, जोरात हलवू नका.

तपासायच्या आधी हात साबणाने धुवा. आंब्याच्या दिवसात बोटाला रस राहिला तर मीटर उगाच ३०० दाखवतं आणि त्यावर डोस घेतला तर संकट. साधारण टार्गेट म्हणजे जेवणाआधी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, वय जास्त असेल किंवा शुगर सारखी लो होत असेल तर डॉक्टर थोडं सैल ठेवतात. आकडा, वेळ, डोस आणि काय खाल्लं हे एका ओळीत वहीत लिहा. सकाळची शुगर जास्त येते म्हणून रात्रीचा डोस लगेच वाढवायचा नाही, दोन-तीन रात्री ३ वाजता उठून तपासा, तेव्हा लो सापडली तर वाढवणं उलट धोक्याचं आहे.

खाण्यात कार्ब, म्हणजे शुगर वाढवणारा पिठूळ-गोड भाग, मोजायला शिका. छोट्या फुलक्यात साधारण १५ ग्रॅम कार्ब, ५० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ३५ च्या आसपास. उपवासाला फसगत होते, कारण कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कार्ब असतात, आणि घरचे म्हणतात आज तर उपास आहे, इन्सुलिन कशाला.

शुगर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली तर १५ ग्रॅम साखर लगेच, म्हणजे तीन-चार छोटे चमचे पाण्यात. पेढा-बर्फी-चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-दुधाने साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. सिंहगड चढायला जाताना साखर खिशातच ठेवा, सॅकच्या तळाशी नाही, आणि त्या रात्री झोपताना जरूर तपासा कारण चढाईचा परिणाम रात्रीपर्यंत राहतो. गाडी चालवायच्या आधीही तपासाच, चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये लो झाली तर बाजूला थांबायलाही जागा मिळत नाही.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, दारात चालेल, फ्रीझरजवळ नाही, गोठलेलं फेकून द्यायचं. उघडलेलं बाहेर चालतं, बहुतेक इन्सुलिनं २८ दिवस, पण एप्रिल-मेमध्ये घर तापत असेल तर माठाजवळ किंवा ओल्या मातीच्या भांड्यात ठेवा आणि स्कूटरच्या डिकीत कधीच नको.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजारपण. उलट्या-ताप आहे, काही खात नाही, म्हणून इन्सुलिन बंद करायचं नाही, टाइप १ मध्ये तर अजिबात नाही, दिवसभराचं इन्सुलिन चालूच ठेवायचं. दर तीन-चार तासांनी तपासा, पाणी पाजत राहा, २५० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारे आम्लासारखे पदार्थ) स्ट्रिपने बघा. कीटोन आले, पोट दुखतंय, श्वास जोरात चाललाय, पाणीही पोटात टिकत नाही, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलला न्या. निघताना चालू असलेली पेनं पिशवीत टाका, शेवटचा डोस कधी आणि किती घेतला हे कॅज्युअल्टीत पहिलं विचारतात.