अमेरिकेत फळं-भाजीपाला पिकवणाऱ्यांसाठीचं ब्लॉक ग्रँट: अर्ज कसा करावा

अमेरिकेत गहू, मका, सोयाबीन, कापूस पिकवणाऱ्यांना सरकारचा आधार कित्येक दशकांपासून आहे. फळबागवाले, भाजीवाले, फुलवाले मात्र बरीच वर्षं त्यातून जवळजवळ बाहेरच राहिले. 2004 साली स्पेशालिटी क्रॉप्स कॉम्पिटिटिव्हनेस ॲक्ट झाला आणि स्पेशालिटी क्रॉप ब्लॉक ग्रँट ही योजना आली. स्पेशालिटी क्रॉप म्हणजे फळं, भाज्या, फुलं अशी पिकं, आणि ब्लॉक ग्रँट म्हणजे केंद्र सरकारनं राज्यांना एकरकमी दिलेलं अनुदान. 2018 च्या फार्म बिलात, म्हणजे शेतीविषयक मुख्य केंद्रीय कायद्यात, तिच्यासाठी वर्षाला 8.5 कोटी डॉलरची तरतूद झाली. हा पैसा यूएसडीए, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय कृषी खातं, थेट शेतकऱ्याच्या हातात देत नाही. या पिकांखालचं क्षेत्र आणि उत्पादनाचं मूल्य बघून तो राज्यांच्या कृषी खात्यांना वाटला जातो, आणि खाती अर्ज मागवतात. त्यामुळे दार ठोठवायचं ते आपल्या राज्याच्या कृषी खात्याचं.

आधी आपलं पीक यात बसतं का ते बघा. फळं, भाज्या, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळं, सुकवलेली फळं, रोपवाटिका, फुलशेती हे सगळं बसतं. मसाले आणि औषधी वनस्पतीही बसतात, म्हणजे हळद, आलं, कोथिंबीर, मेथी लावणाऱ्यांनी मागे राहायचं कारण नाही. अळिंबी, मध आणि ख्रिसमसची झाडंसुद्धा चालतात. भुईमूग, ऊस, तंबाखू, तांदूळ चालत नाहीत. गंमत म्हणजे स्वीट कॉर्न भाजी म्हणून बसतो, पण शेतातला साधा मका बसत नाही.

आता खरी मेख. अनेक चांगले अर्ज इथेच बाद होतात. हे अनुदान एका शेताच्या, एका कंपनीच्या फायद्यासाठी नाही. ‘मला कोल्ड स्टोरेज हवंय, पैसे द्या’ असा अर्ज कितीही प्रामाणिक असला तरी तो मंजूर होत नाही. त्या पिकाच्या इतर उत्पादकांनाही उपयोग होईल असं काम दाखवावं लागतं. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी प्रश्न फिरवून घ्या: मला काय हवंय यापेक्षा माझ्यासारखं पीक घेणाऱ्या सगळ्यांचं काय अडलंय? कारल्यावर भुरी येते आणि आपल्या हवामानात कोणता वाण तग धरतो हे कुणालाच नीट माहीत नाही, ही सगळ्यांची अडचण झाली. तुमच्या शेतावर वाणांची चाचणी घ्यायची आणि निष्कर्ष सगळ्यांसमोर ठेवायचे, हा प्रकल्प झाला. शेत तुमचंच, पण फायदा वाटला जाणारा.

असं काम एकट्यानं ओढू नका. जिल्ह्यातल्या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन ऑफिसात, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या कार्यालयात जा, उत्पादक संघाशी बोला. चाचणीची आखणी त्यांना जमते आणि जमिनीवरची अडचण तुम्हाला ठाऊक असते. संघानं किंवा विद्यापीठानं अर्ज करायचा आणि तुम्ही भागीदार व्हायचं, हा मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण हिशेब आणि अहवाल सांभाळणारी माणसं त्यांच्याकडे असतात.

स्वतः अर्ज करणार असाल तर यूईआय क्रमांक लागतो, म्हणजे सरकारी अनुदान घेणाऱ्याचा ओळख क्रमांक. तो सरकारच्या सॅम (SAM.gov) या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पैसे घेऊन नोंदणी करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. हे काम अर्जाच्या तारखेच्या बरंच आधी उरका, कारण नाव-पत्त्यात फरक निघाला तर दिवस जातात.

प्रस्तावात सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो उद्दिष्टांत. ‘उत्पादकांमध्ये जागृती करणे’ असं लिहून भागत नाही. उदाहरणार्थ असं लिहा: ‘40 उत्पादकांना प्रशिक्षण देऊ, त्यांतले किमान 25 जण पुढच्या हंगामात ही पद्धत वापरतील, हंगामानंतर प्रत्येकाला फोन करून खातरजमा करू.’ कुणाला, किती, केव्हा आणि मोजणार कसं, ही चारही उत्तरं वाचणाऱ्याला एका दमात मिळायला हवीत. उत्पादकांची पाठिंब्याची पत्रंही जोडा. एकाच मजकुराखाली दहा सह्या घेण्यापेक्षा, ‘गेल्या दोन हंगामांत माझं इतकं नुकसान झालं’ असं स्वतःच्या शब्दांत लिहिलेली दोन पत्रं जास्त पटतात.

बजेटमध्ये जमीन किंवा इमारत विकत घेण्याचा खर्च धरू नका, तो चालत नाही. बाकी प्रत्येक आकड्यामागे कारण लिहा: कोणाची मजुरी, किती तास, कोणत्या कामासाठी. प्रकल्पात अंडी, मांस किंवा धान्यही येत असेल, समजा शेतकरी बाजाराची जाहिरात, तर अनुदानाचा पैसा फक्त या पिकांवरच खर्च होईल हे वेगळं काढून दाखवावं लागतं.

मंजुरी मिळाली तरी पैसा लगेच बँकेच्या खात्यात येईल असं धरू नका. बहुतेक राज्यांत आधी स्वतः खर्च करायचा, बिलं द्यायची, मग भरपाई मिळते. तेवढं भांडवल हाताशी नसेल तर करार होण्याआधीच कृषी खात्याशी बोलून घ्या. आणि करार सुरू होण्यापूर्वी केलेल्या खर्चाचा पैसा मिळेल अशी आशा ठेवू नका. बी स्वस्त मिळतंय म्हणून आधीच घेऊन ठेवण्याचा मोह टाळा.

स्वतःच्या शेतासाठीच मदत हवी असेल तर रस्ता वेगळा. हाय टनेल (प्लॅस्टिकनं झाकलेलं, पिकं घेण्याचं उंच बोगद्यासारखं छत) उभारायला यूएसडीएच्या एनआरसीएस या माती-पाणी संवर्धन विभागाच्या इक्विप योजनेतून मदत मिळते, मात्र करारावर सही होण्याआधी बांधकाम सुरू केलं तर ती जाते. आपल्या मालापासून लोणचं, जॅम असं काही करून विकायचं असेल तर व्हॅल्यू-ॲडेड प्रोड्यूसर ग्रँट बघा, त्यात निम्मा वाटा आपला घालावा लागतो. स्वतःच्या शेतावर छोटा प्रयोग करून बघायचा असेल तर सेअर (SARE) या शाश्वत शेतीच्या कार्यक्रमाची शेतकरी अनुदानं आहेत.

अर्ज नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या. ते मिळाले की पुढच्या अर्जाचा पहिला खर्डा तिथूनच सुरू करता येतो.